स्तेलानच्या गाडीच्या लाल गाद्या

उत्तरेकडच्या थंड मुलखातल्या सोदरहाम्न गावात स्तेलान ब्रूमानचा हात न लागलेलं घर बघायचं असेल, तर स्तेलान ब्रूमानच्याच घरी जावं. त्याच्या स्वयंपाकघराच्या एका भिंतीला आठ वर्षांपूर्वी लांबी भरून ठेवली आहे आणि ती अजून रंगाची वाट बघते आहे. खिडकीच्या चौकटीचे पोपडे निघाले की तो ते नखाने सोलतो आणि गुपचूप खिशात टाकतो. कुणी विचारलंच तर म्हणतो, "काय करणार, गिऱ्हाईक कटकटं आणि रंगारी आळशी. दोघांचं जमत नाही."

त्याचं वय सत्तावन्न. त्यातली चौतीस वर्षं ब्रश हातात आहे. काम चोख; त्याबद्दल गावात दुमत नाही. पण कामाबरोबर त्याची दोन प्रवचनं फुकट ऐकावी लागतात. पहिलं प्रवचन तयारीवर. "दहातलं नऊ काम ब्रश हातात घ्यायच्या आधी असतं," तो घरमालकाला बोट दाखवून सांगतो. "धुवा, घासा, पुसा, वाळू द्या. मग रंगाचं नाव काढा." दुसरं प्रवचन लाल भिंतींवर. तिकडची शेतावरची घरं खाणीतल्या मातीच्या लाल रंगाने रंगवतात, आणि तो रंग वाळला तरी अंगचटीला यायचं सोडत नाही. उन्हाळ्यात पाहुणे पांढरे कपडे घालून अशा भिंतीला टेकून कॉफी पितात आणि पाठीवर लाल पट्टे घेऊन घरी जातात. म्हणून प्रत्येक काम संपलं की स्तेलान जाता जाता बजावतो, "लाल भिंतीला टेकू नये."

लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण, ही म्हण त्याच्यावरूनच पडली असावी. त्यालाही हे कबूल आहे. मागच्या जूनपासून तर जास्तच.

गोष्ट त्याच्या गाडीची आहे. गाडी अमेरिकन, सहासष्ट सालची, पांढरी, लांबलचक, टप मागे दुमडता येणारा. धंद्यातली पहिली तीन वर्षं पोटाला चिमटा काढून त्याने ती घेतली. तिच्यावर त्याचा जीव इतका, की त्याची बायको अनेली म्हणायची, "मला चार चाकं असती तर आपला संसार सुखाचा झाला असता." पुढे ती वेगळी झाली. घर अनेलीकडे गेलं, गाडी स्तेलानकडे आली, आणि त्यांची मुलगी तुवा एक आठवडा इकडे आणि एक आठवडा तिकडे राहू लागली. प्रसूतिगृहातून तुवा घरी आली ती याच गाडीतून. ती पहिलीत गेली तेव्हा स्तेलानने तिला शब्द दिला होता: शाळा संपेल त्या दिवशी, पांढरा फ्रॉक आणि पांढरी टोपी घालून तू पायऱ्यांवरून पळत खाली येशील, आणि याच गाडीच्या मागच्या गादीच्या पाठीवर बसवून मी तुला अख्ख्या गावातून फिरवीन.

मध्ये एक गोष्ट घडली होती. तुवा बारा वर्षांची असताना तो तिला शाळेतून न्यायला यायचा, थेट कामावरून, रंगाने बरबटलेल्या पांढऱ्या, अंगभर डांगरीतच. एक दिवस ती गाडीत बसता बसता खाली बघून म्हणाली, "बाबा, उद्यापासून तू ग्रंथालयापाशी थांबशील का? मी तिथवर चालत येईन." ग्रंथालय शाळेच्या मागच्या गल्लीत. स्तेलान म्हणाला, "थांबेन की." दुसऱ्या दिवशी कामावरच्या नऊच्या कॉफीला त्याने सगळ्यांना हा किस्सा रंगवून सांगितला. "मी इतका देखणा आहे की मला लपवून ठेवावं लागतं!" सगळे हसले, तोही हसला. आणि मग सात वर्षं तो ग्रंथालयापाशीच थांबला. तुवा मोठी झाली, पुन्हा त्या विषयावर बोलली नाही, बहुधा विसरलीही. तो विसरला नव्हता. रात्री दालचिनीचा गोड पाव खाताना कधी कधी ते आठवायचं आणि उरलेला पाव तो परत डब्यात ठेवायचा. पण हे त्याने कॉफीला कुणाला सांगितलं नाही.

शाळा संपायला तीन आठवडे उरले, तेव्हा अनेलीच्या नव्या नवऱ्याने स्वतःची गाडी देऊ केली. हा योआकिम, दातांचा डॉक्टर. त्याच्याकडेही उघड्या टपाची गाडी, कोरी, आतून सायीच्या रंगाच्या खऱ्या चामड्याची. योआकिम वाईट माणूस असता तर स्तेलानचं आयुष्य सोपं झालं असतं. पण तो मेला चांगला होता. फोनवर म्हणाला, "मी आपलं विचारलं. तुझी गाडी तयार असेल तर प्रश्नच नाही." तुवाने तर ऐकूनही घेतलं नाही. "मी बाबाच्याच गाडीतून जाणार. आहे तशीच मला आवडते ती."

"आहे तशीच" हे दोन शब्द स्तेलानच्या डोक्यात शिरले. त्याच संध्याकाळी त्याने गाडीवरचं कापड काढलं आणि आत पाहिलं. गाद्या रेक्झिनच्या, एके काळी फिकट निळ्या. आता त्यांचा रंग सांगायचा म्हटला तर जुन्या बनियनचा म्हणावा लागला असता. दारांच्या आतल्या बाजूला कोपरांचे काळे ठसे, पुढच्या गादीवर त्याने सिगारेट सोडली त्याच्या आधीची तीन भोकं. मुलगी दया करून बोलली असं त्याने ठरवून टाकलं. आणि रंगाऱ्याच्या मनात रंगाशिवाय दुसरं काय येणार?

रंगाच्या दुकानातली गुनवोर त्याला वीस वर्षं ओळखत होती. तिने रेक्झिनचा खास रंग काढून दिला, गडद लाल, आणि सोबत गाद्या धुवायचं पातळ औषध पुढे केलं.

"हे तीनदा मारायचं," ती म्हणाली. "मग रंगाचे पातळ हात. मग वरून पारदर्शक हात. मग आठवडाभर—"

"गुनवोर," स्तेलान म्हणाला, "तू मला रंग शिकवतेस?"

"मी नाही, डब्यावर लिहिलंय."

"डबा किती वर्षं या धंद्यात आहे?"

गुनवोरने औषधाची बाटली परत फळीवर ठेवली. डब्यावरची अक्षरं बारीक होती आणि चष्मा गाडीत होता, ही खरी अडचण. पण तसं म्हणायला स्तेलानची जीभ रेटली नाही.

तरी धुवायचं त्याने सोडलं नाही, "दहातलं नऊ काम" सांगणारा माणूस ना! त्याने बादलीभर कोमट पाणी घेतलं आणि त्यात ओतला हिरवा साबण, जो तिकडच्या प्रत्येक घरात असतो. त्या साबणाने आजी फरशी धुते, आई सतरंज्या धुते, नातू कुत्रा धुतो. झाडाच्या तेलाचा असतो. धुतलेल्या लाकडावर तो तेलाचा एक पातळ पापुद्रा ठेवून जातो, म्हणून तर जुन्या फरशा चमकतात. स्तेलानच्या गाद्याही चमकल्या. त्याने दोन पावलं मागे जाऊन स्वतःचं कौतुक केलं. मग आपला ठेवणीतला रुंद ब्रश काढला आणि गाद्या, दारांची आतली बाजू, हात ठेवायच्या जागा, सगळ्यांना लाल रंगाचे दोन भरगच्च हात मारले. पातळ हात नवशिक्यांनी मारावेत. पारदर्शक हात म्हणजे दुकानदारांनी काढलेला धंदा, असं त्याचं मत पडलं.

आणि काय दिसली गाडी! बाहेरून पांढरी, आतून लालचुटूक. आठवडाभर तो कॉफीला दुसरं बोलला नाही. त्याची कामातली जोडीदारीण राइली, मूळची फिनलंडची, पंधरा वर्षं त्याच्याबरोबर शिडीवर चढणारी, दिवसाला वीस शब्दांवर खर्च न करणारी. शेवटी बुधवारी काम सुटल्यावर ती म्हणाली, "दाखव एकदाची. म्हणजे बंद होशील."

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळा संपणार होती. स्तेलानने गाडी अंगणात काढून ठेवली होती; बर्च झाडाच्या कोवळ्या फांद्या सजावटीला त्याच दिवशी आणून पुढच्या काचेला बांधल्या होत्या. ऊन चांगलं तापलं होतं. राइली कामाच्या पांढऱ्या विजारीतच मागच्या गादीवर बसली, त्याने आणलेली कॉफी तिने सावकाश प्यायली आणि मान डोलावली.

"बरी झालीय," ती म्हणाली. राइलीच्या तोंडून हे म्हणजे सुवर्णपदक. ती उतरली आणि कप ठेवायला वळली.

स्तेलान गप्प झाला. त्याच्या बाबतीत हे इतकं नवीन होतं की राइलीने मागे पाहिलं.

"काय झालं?"

"राइली... जरा मागे वळ."

"का?"

"वळ गं."

तिने मान वळवून आपल्या विजारीचा मागचा भाग पाहिला. दोन मोठे लाल गोल, नीट, शेजारी शेजारी. ती बराच वेळ ते बघत राहिली.

"लाल भिंतीला टेकू नये," ती म्हणाली.

मग तिने गादीवर नख ओढलं. दुधावरची साय निघावी तसा रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली जुना निळा दिसला. "कशाने धुतल्यास?"

"साबणाने."

"कुठल्या?"

स्तेलानने हिरव्या साबणाची बाटली दाखवली. राइलीने डोळे मिटले. मग रंगाचा डबा उचलून त्याच्या हातात दिला आणि त्याच्याच खिशातला चष्मा काढून त्याच्या नाकावर ठेवला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा स्तेलान ब्रूमानने डब्यावरची अक्षरं वाचली. साबण वापरू नये, असं तिथे ठळक लिहिलं होतं. तेलयुक्त साबण तर मुळीच नाही, असं त्याखाली.

"करायला गेलो गणपती आणि झाला मारुती" असं आपल्याकडे म्हणतात. स्तेलानच्या तोंडून तेव्हा जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोघांनी मिळून थिनरने पुसून पाहिलं, तर लाल रंग पसरला आणि मधून निळे डाग वर आले. पुन्हा पुसलं, चिंध्या संपल्या. रंगकामाला फरशीवर अंथरतात ते प्लास्टिक गाद्यांवर अंथरलं आणि राइलीने गाडीची गल्लीत एक फेरी मारली. वाऱ्याने प्लास्टिक फडफडलं, उलटलं आणि लाल बाजू वर करून परत पडलं. दारावर हात ठेवला तरी तळवा लाल होत होता.

"ती काय घालणार आहे उद्या?" राइलीने विचारलं.

"पांढरा फ्रॉक. तिने स्वतः शिवलाय. दोन महिने लागले."

राइलीने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि दोन लाल गोल मागे मिरवत सायकलवरून घरी गेली.

स्तेलानने योआकिमला फोन लावला. आपण आयुष्यभर किती बढाया मारल्या आणि त्यातल्या किती या एका फोनमध्ये गिळाव्या लागताहेत, याचा तो मनात हिशेब करत होता. "तुझी गाडी उद्या आणशील का?" तो म्हणाला. "माझी... माझी जरा ओली आहे."

योआकिम हसला नाही. तेवढा तरी हलकेपणा त्याने करायला हवा होता. "आणतो," तो म्हणाला. "पण तुवाला तू सांग. ती तुझी वाट बघणार."

दुसऱ्या दिवशी स्तेलानने आपला एकुलता एक राखाडी सूट घातला. गाडी घरीच ठेवायची असं त्याने ठरवलं होतं. पण फांद्या बांधून झाल्या होत्या, आणि निदान मागून तरी चालवत जावं असं वाटलं. प्लास्टिकवर बसून तो निघाला. शाळेपाशी आला तेव्हा दारात योआकिमची गाडी उभी होती, फिती लावलेली, आणि शेजारी अनेली. तिच्या हातात काठीवर उंच केलेला फलक होता. तिकडे त्या दिवशी आईबाप मुलाचा लहानपणीचा फोटो असा मिरवतात. फोटोत दीड वर्षाची तुवा स्तेलानच्याच गाडीच्या मागच्या गादीवर बसून टोस्ट खात होती. गादी फिकट निळी होती आणि अगदी चांगली दिसत होती. स्तेलानने ते पाहिलं, गाडी न थांबवता पुढे नेली, मागच्या गल्लीत वळला आणि ग्रंथालयापाशी उभी करून चालत परत आला.

दार उघडलं. मुलं पांढऱ्या टोप्या हवेत हलवत, ओरडत, गात पायऱ्यांवरून पळत सुटली. लोकांनी मुलांच्या गळ्यात निळ्यापिवळ्या फिती घातल्या, फुलं घातली. तुवा अनेलीला बिलगली, योआकिमला बिलगली, मग वडिलांना बिलगली आणि त्याच्या खांद्यावरून इकडेतिकडे बघत म्हणाली, "गाडी कुठाय?"

"ग्रंथालयापाशी," स्तेलान म्हणाला.

तुवाने मिठी सोडली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. "बाबा," ती म्हणाली, "मी तेव्हा बारा वर्षांची होते."

तिला आठवत होतं तर. "छे गं, मी कधी मनावर घेतलंच नाही ते," तो म्हणाला. हे खोटं होतं आणि दोघांना ते कळलं. "आज त्यासाठी नाही लावली तिथे. म्हणजे... तू योआकिमच्या गाडीतून जा. मी गाडी सजवायला गेलो आणि वाट लावली. साबणाने धुतली. हिरव्या. डब्यावर लिहिलं होतं नको म्हणून. तुझा फ्रॉक खराब होईल, तुवा. सगळ्याला रंग लागतोय."

"कशाला रंग लागतोय?"

स्तेलान पाठमोरा झाला. सूटच्या मागे, प्लास्टिकला न जुमानता, लाल रंगाने आपलं काम चोख केलं होतं. अनेलीने तोंडावर हात धरला. योआकिमने सभ्यपणे आकाशाकडे पाहिलं. तुवा मात्र इतकी हसली की तिची टोपी खाली पडली.

"चौतीस वर्षं लोकांना सांगतोस!"

"चौतीस वर्षं," स्तेलानने कबूल केलं.

तिने टोपी उचलून झटकली, डोक्यावर ठेवली. मग विचारलं, "तुझी डांगरी डिकीत असते ना?"

"असते. का?"

"धुतलेली?"

"धुतलेली आहे. पण डाग आहेत तिला, बाळा. वीस वर्षांचे डाग आहेत."

"चल," तुवा म्हणाली आणि त्याचा हात धरून चालू लागली.

ग्रंथालयापाशी, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, तिने फ्रॉक गोळा करून ती डांगरी वरून चढवली. बाह्या दुमडल्या, पाय दुमडले, चेन गळ्यापर्यंत ओढली. कुणाच्या दिवाणखान्याचा हिरवा, कुणाच्या न्हाणीघराचा पिवळा, अर्ध्या गावाचे रंग तिच्या अंगावर आले. छातीवर शिवलेलं होतं: स्तेलान. वर पांढरी टोपी, गळ्यात फुलं. ती मागच्या गादीच्या पाठीवर चढून बसली आणि दोन्ही हातांनी गादीची कड घट्ट धरली. तळवे लाल झाले, ते तिने डांगरीलाच पुसले.

"घरी जायचं?" स्तेलानने विचारलं.

"नाही. आधी शाळेसमोरून."

तो शाळेसमोरून गेला, माणूस चालतो तितक्या सावकाश. पांढऱ्या कपड्यांतली सगळी पोरं वळून बघायला लागली. कुणीतरी ओरडलं, "तुवा, हे काय घातलंयस?" आणि ती उभी राहून, हात वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "माझ्या बाबाची आहे!" स्तेलानने भोंगा दाबला तो पूल येईपर्यंत सोडला नाही. त्याला रस्ता नीट दिसत नव्हता. आदल्या दिवशीचं थिनर डोळ्यांत राहिलं असावं, असं तो आजही सांगतो.

गाद्या पुढे राइलीने खरवडून दिल्या, तीन शनिवार लागले. आता त्या पुन्हा फिकट निळ्या आहेत, तीन भोकांसकट. डांगरी मात्र स्तेलानने तशीच ठेवली आहे, मागच्या बाजूला दोन लाल गोल असलेली. कामावर तीच घालतो. मधे एका शेतावर घर रंगवत असताना म्हातारी मालकीणबाई कॉफी घेऊन बाहेर आली आणि त्याच्याकडे मागून बघून खो खो हसायला लागली.

"काय हो, रंगारी असून लाल भिंतीला टेकलात?"

"मी नाही टेकलो," स्तेलान म्हणाला. "माझी मुलगी बसली होती."

बाईंना काही कळलं नाही. त्याने कॉफी घेतली, कप पायरीवर ठेवला आणि पुन्हा शिडीवर चढला.